ड्रिलरचा टूलपुशर होताना

मुंबई हायच्या तेलक्षेत्रात, समुद्रतळावर पाय रोवून उभ्या असलेल्या एका जॅक-अप रिगवर मी ड्रिलर होतो, म्हणजे विहीर खोदायचं यंत्र चालवणारा. जुहूहून हेलिकॉप्टर, चौदा दिवस समुद्रात, चौदा घरी. टूलपुशर, म्हणजे ड्रिलरवरचा सुपरवायझर, म्हणून बढतीचं निघालं तेव्हा कंपनीने सांगितलं, आधी आयडब्ल्यूसीएफ या आंतरराष्ट्रीय संस्थेचं लेव्हल ४ काढून या. वेल कंट्रोलचं, म्हणजे विहिरीतला दाब काबूत ठेवण्याचं, हे प्रमाणपत्र दर दोन वर्षांनी नव्याने काढावं लागतं. ड्रिलरचं लेव्हल ३ माझ्याकडे होतंच, म्हटलं, त्यात काय नवीन असणार!

सरावाच्या पहिल्याच किल शीटवर, म्हणजे विहिरीचा दाब आवरायला किती जड मड (विहिरीत फिरवायचा चिखल) लागेल त्या हिशेबाच्या कागदावर, आपटलो. उभी खोली १०,००० फूट, मड गॅलनला १० पौंड, विहीर बंद केल्यावर ड्रिल पाइपवर दाब ४८० पीएसआय. खोलीला ०.०५२ ने गुणलं, ५२० आले. ४८० भागिले ५२० म्हणजे ०.९२, ते मूळच्या १० मध्ये मिळवून दाब आवरणारा किल मड १०.९२. शाळेतल्या सवयीने मी १०.९ लिहिलं. प्रशिक्षकांनी त्याला पेन्सिलीने गोल केला. "तुमचा मड बारा पीएसआयने कमी पडला. गॅसला तेवढं पुरतं." इथे आकडा नेहमी वरच न्यायचा, म्हणजे ११. इतकी वर्षं रिगवर काढून मला हे कागदावर कळावं, याची लाज वाटली.

सिम्युलेटरवर तर वेगळीच गंमत. ड्रिलरच्या जागी दुसऱ्या रिगचा एक मुलगा, मी सुपरवायझर. विहिरीतून परत येणाऱ्या मडचा प्रवाह वाढला, पिटची, म्हणजे मडच्या टाकीची, पातळी चढू लागली; विहिरीत गॅस शिरल्याची ही खूण. बिट (खोदणारं टोक) उचल, पंप बंद कर, विहीर वाहतेय का बघ, अ‍ॅन्युलर ही पाइपभोवती आवळणारी झडप बंद कर, हे त्याला तोंडपाठ होतं. पण तो पंपापर्यंत पोचायच्या आत माझा हात त्याच्या खांद्यावरून बीओपीच्या, म्हणजे विहीर बंद करणाऱ्या झडपांच्या, पॅनलवर! प्रशिक्षकांनी खेळ थांबवला. "तुम्ही इथे बटण दाबत बसलात तर बाकी रिगकडे बघणार कोण?"

लेखी परीक्षेत सत्तर टक्के लागतात, ते मिळाले. हाताची सवय मात्र राहिली.

टूलपुशर म्हणून पहिल्याच फेरीत रात्री तीनला केबिनमधला फोन वाजला. ड्रिलर होता. "सर, विहीर बंद केलीय. पिटमध्ये चार बॅरल जास्त." मला न विचारता बंद केली, हे उत्तमच; तो त्याचा अधिकार. बूट चढवून वर पोचलो तेव्हा पोरगा प्रेशर लिहून घेत होता. मी दोन्ही हात खिशात घातले. फक्त किल शीट मागून घेतली आणि शेवटचा आकडा वर नेलाय ना, तेवढं पाहिलं.