उचंत खात्यातला धूर

चकलीची भाजणी भाजत होते तेव्हा भाच्याचा फोन आला, आणि दिवाळीचं बोलता बोलता आम्ही भांडलो. तो २२ वर्षांपासून अमेरिकेत आहे, टेक्सासमध्ये. आता तिथला नागरिक. मी विचारलं, तुमच्या सरकारचं हे काय चाललंय? तो म्हणाला, "मावशी, आधी आपल्या नागपूरच्या कोराडी वीजकेंद्राच्या चिमण्या बघ, मग आम्हाला सांग." मी गॅस बंद केला, नाहीतर भाजणी करपली असती. फोन मात्र ठेवला नाही.

विषय होता सप्टेंबर २०२५ मधल्या एका प्रस्तावाचा. अमेरिकेतली सुमारे ८००० ठिकाणं, म्हणजे वीजकेंद्रं, तेलशुद्धीकरण कारखाने, सिमेंट-पोलादाचे कारखाने, वर्षभरात आपण किती हरितगृह वायू सोडले ते २०१० सालापासून दरवर्षी सरकारला कळवत आली आहेत. ते आकडे कोणालाही पाहता येतात. आता तिथल्याच पर्यावरण खात्याने म्हटलंय की ही सक्ती बहुतेकांवरून उठवावी. धूर कमी करा असं त्या नियमात कुठेच नव्हतं. किती सोडला तेवढं लिहा, इतकंच होतं. तेही नको झालं.

माझी ३४ वर्षं सरकारी हिशेबात गेली. ज्या रकमेचं शीर्ष, म्हणजे ती कोणत्या नावाखाली लिहायची ते, सापडत नाही ती आम्ही उचंत खात्यात टाकायचो. म्हणजे ती नाहीशी होत नाही, कोणीतरी तिचा माग काढेपर्यंत तिथे बसून राहते आणि दर महिन्याला आमच्याकडे बघते. उचंत साफ केल्याशिवाय झोप न येणारे साहेब मी पाहिलेत. म्हणून या प्रस्तावाची बातमी वाचली तेव्हा मला राग आला तो आधी हिशेबनीस म्हणून आला.

पण भाच्याला मला खरं सांगायचं होतं ते युद्धाबद्दल. कारण नोंद न ठेवण्याची ही सवय जुनी आहे.

१९९७ च्या डिसेंबरात जपानमधल्या क्योटोला जगभरातले देश जमले, प्रत्येकाने किती धूर कमी करायचा ते ठरवायला. तिथे अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या आग्रहावरून एक सूट मिळाली. आंतरराष्ट्रीय प्रवासात जहाजं-विमानं जे इंधन जाळतात ते, आणि संयुक्त राष्ट्रांच्या सनदेनुसार अनेक देश मिळून ज्या लष्करी मोहिमा करतात त्यांचा धूर, कोणत्याही देशाच्या बेरजेत धरायचा नाही. एवढी सूट घेऊन अमेरिकेने करार मान्य केला का? नाही. तिथल्या सिनेटने, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाने, आधीच, १९९७ च्या जुलैत, ९५ विरुद्ध ० मतांनी सांगून ठेवलं होतं की विकसनशील देशांवर बंधन नसेल तर असा करार आम्हाला नको. पुढे मार्च २००१ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी काही सिनेटरांना पत्र लिहून क्योटोला विरोध कळवला. त्यात कारणं होती: चीन आणि भारत यातून सुटतात, अमेरिकेच्या अर्थव्यवस्थेला फटका बसेल, आणि हवामानबदलाची कारणं व उपाय यांबद्दलचं विज्ञान अजून अपुरं आहे.

बरोबर दोन वर्षांनी, २० मार्च २००३ ला, इराकवर हल्ला झाला. मला ते दिवस चांगले आठवतात, कारण मार्चअखेर होती. २३ तारखेला रविवार असूनही आम्ही ऑफिसात बिलं पास करत बसलो होतो आणि त्याच दिवशी वर्ल्ड कपची फायनल. कोणीतरी छोटा टीव्ही आणून ठेवला होता. ऑस्ट्रेलियाने आपल्या गोलंदाजांना झोडपलं की पोरं वैतागून चॅनल बदलायची आणि बगदादचा धूर दिसायचा. आमचा शिपाई म्हणाला होता, "मॅडम, हे काहून मारून राहिले त्यांना?" मी सांगितलं, तिथे भयंकर शस्त्रं लपवली आहेत म्हणतात. मीही ते खरंच धरून चालले होते. त्या शस्त्रांचे साठे सापडले नाहीत. अमेरिकेने स्वतःच नेमलेल्या पथकाने २००४ मध्ये तसा अहवाल दिला. हवामानासाठी ज्या सरकारला पुरावा अपुरा वाटला, त्याच सरकारला युद्धासाठी तो पुरेसा वाटला. हे मला आजही माफ करता येत नाही. त्या शिपायाला मी दिलेलं उत्तरही सलतं.

आणि त्या युद्धात जाळलेलं इंधन? ब्राऊन विद्यापीठाच्या 'कॉस्ट्स ऑफ वॉर' प्रकल्पात नेटा क्रॉफर्ड यांनी २०१९ मध्ये हा हिशेब मांडला. २०१७ या एका वर्षात अमेरिकेच्या संरक्षण खात्याचं उत्सर्जन सुमारे ५.९ कोटी टन निघालं. अख्ख्या स्वीडनपेक्षा जास्त. एका बाईने बसून उचंत साफ केल्यासारखं ते काम आहे, आणि ते करावं लागलं कारण सरकार स्वतः ही बेरीज मांडून देत नव्हतं. २०१५ च्या पॅरिस करारात ती क्योटोची सरसकट सूट गेली खरी, पण लष्कराचा आकडा द्यायचा की नाही हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर राहिलं. त्या करारातून तर अमेरिका एकदा बाहेर पडली, २०२१ मध्ये परत आली, आणि जानेवारी २०२५ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी पुन्हा बाहेर पडायचा आदेश काढला. त्याच वर्षी सप्टेंबरात संरक्षण खात्याला 'युद्ध खातं' म्हणायचीही मुभा दिली. एकाच महिन्यात युद्धाचं नाव पाटीवर आलं आणि धुराची वही बंद करायचा प्रस्ताव आला. मला हे एकाच घरातलं वाटतं.

आता कोराडी. भाच्याचं म्हणणं मी उडवून लावलं नाही, लावणारही नाही. कोराडीत दोन हजारांहून जास्त मेगावॉट, शेजारी खापरखेड्यात १३४०, दोन्ही कोळशावर. आणखी ६६० मेगावॉटचे दोन संच कोराडीत आणायचे म्हणून २०२३ च्या मे महिन्यात, ऐन नवतप्यात, म्हणजे उन्हाच्या सर्वांत कडक नऊ दिवसांत, जनसुनावणी झाली. २०२२ च्या जुलैत खसाळ्याचा राखेचा बांध फुटला आणि राखेचं पाणी शेतांत, नदीत गेलं. माझ्या घरातला पंखा त्याच विजेवर फिरतो. भारताचं वर्षाचं माणशी कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन सुमारे २ टन आणि अमेरिकेचं सुमारे १४, हे मी त्याला सांगितलं, पण तेवढ्यावर कोराडी माफ होत नाही. नवे संच नकोत असं माझं मत आहे. आपल्या लष्कराचा धूरही वेगळा मोजून जाहीर व्हावा असंही मत आहे. सैनिकांवर माझा राग नाही. २३ सप्टेंबर २०२३ ला नागपूरचा अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला तेव्हा कामठीहून लष्कराच्या तुकड्या आल्या होत्या, बोटीतून लोकांना काढत होत्या. त्यांचे हात मी विसरणार नाही.

त्या रात्रीचंही सांगते, कारण भाच्याला ते पूर्ण माहीत नव्हतं.

मध्यरात्रीनंतर पाऊस सुरू झाला. थोड्या तासांत १०० मिलिमीटरहून जास्त. नाग नदीचं पाणी आमच्या लेआउटमध्ये शिरलं, पहाटेपर्यंत कमरेएवढं झालं, फ्रिज आडवा होऊन तरंगला. खालच्या खोलीत बाबांची रजिस्टरं होती. बाबा भूगोलाचे मास्तर. १९७१ पासून २७ वर्षं रोज पेपरातून नागपूरचं कमाल तापमान आणि पाऊस उतरवून ठेवायचे, निळ्या शाईने, शाळेतून उरलेल्या हजेरीपटांत. मे महिन्यात ४६ च्या वर गेलं की त्या आकड्याखाली लाल रेघ. २३ मे २०१३ ला नागपूरने ४७.९ चा उच्चांक गाठला तेव्हा ते नव्हते, पण मी त्या दिवशी शेवटच्या रजिस्टरात तो आकडा लिहिला आणि खाली लाल रेघ मारली होती. पाणी ओसरल्यावर पानं चिकटून लगदा झाली होती. सगळी शाई एकमेकांत उतरलेली.

पंचनाम्याला एक तरुण मुलगा आला. धान्य, भांडी, कपडे, उपकरणं असे रकाने होते. बिचारा लगद्याकडे बघत म्हणाला, "ताई, हे रद्दीत लिहू का?" मी म्हटलं, नको, राहू दे.

हे ऐकून भाचा बराच वेळ बोलला नाही. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत आजोबा त्याला आकडे वाचून दाखवायला सांगायचे. मग हळूच म्हणाला, "आजोबांचे सगळेच गेले?"

सगळेच.

मी त्याला सांगितलं, तुझ्या देशात अजून वही शाबूत आहे. प्रस्तावावर नागरिकांच्या हरकती मागवतात, तू नागरिक आहेस, लिही. तो म्हणाला, एका पत्राने काय होणार? मी म्हटलं, ऑडिटचा आक्षेपही एकाच कागदावर असतो, पण तो निकाली काढेपर्यंत फाइल बंद करता येत नाही. तुमच्याकडेही आलेल्या हरकतींना उत्तर द्यावं लागतं.

दोन दिवसांनी त्याचा मेसेज आला. "मावशी, मसुदा तू कर. तुला आक्षेप लिहिता येतात."

मी मराठीतच लिहून पाठवला, इंग्रजी तो करेल. तीन आक्षेप आहेत. पहिला त्या ८००० ठिकाणांबद्दल. दुसरा असा की कारखान्यांची नोंद काढण्याऐवजी तिच्यात लष्कराची भर घालावी, रणगाडा, विमान, जहाज, परदेशातले तळ, सगळं. तिसऱ्यात मी बाबांच्या रजिस्टरांबद्दल लिहिलंय. तो त्याने गाळू नये असं सांगितलंय.