गुलाबी बाटली हलवण्याआधी

मे महिन्यात हे ड्युटीवरून आले की खाकी शर्ट काढून मोरीच्या उंबऱ्यावर पाठमोरे बसतात. बेस्टची बस चालवतात, २८ वर्षं झाली. दिवसभर पाठ सीटला चिकटलेली, पायाशी इंजिनाची धग, आणि आपली मुंबईची हवा अशी की घाम येतो पण वाळत नाही. मानेपासून कमरेपर्यंत मोहरीएवढ्या लाल पुटकुळ्या. मग मी फळीवरची कॅलामाइनची, म्हणजे खाजेवर लावायच्या गुलाबी लोशनची, बाटली काढते.

काळाचौकीच्या आमच्या घरात ही बाटली लेक सहा वर्षांची असताना, तिच्या कांजिण्यांच्या वेळी आली आणि तेव्हापासून फळीवर तिची जागा ठरलेली आहे. नवी आणली की उघडल्याची तारीख मी झाकणावर पेनाने लिहिते. औषध साधंच आहे. जस्ताच्या ऑक्साइडची भुकटी, तिला गुलाबी रंग देणारं थोडं लोहाचं ऑक्साइड, आणि पाणी. बाटली दोन दिवस उभी राहिली की गुलाबी गाळ तळाशी बसतो आणि वर गढूळ पाणी तरंगतं. न हलवता कापसावर ओतलं तर अंगाला नुसतं पाणी लागतं, आणि मग लोक म्हणतात, काही उपयोग होत नाही. मी बाटली उलटी करून तळाला रंगाचा थर उरला नाही हे बघते, तेव्हाच झाकण उघडते.

लावायचीही पद्धत आहे. आधी गार पाण्याने अंग धुवायचं, पंचाने टिपायचं, घासायचं नाही. मग कापसाने हलक्या हाताने टेकवत जायचं. पाणी उडून जाताना गारवा देतं आणि मागे खडूसारखा पातळ थर राहतो, तो ओल शोषतो. पाच मिनिटं पंख्याखाली बसलं की वाळतो. पुढच्या वेळी त्यावरच दुसरा थर चढवू नये. आधीचा पाण्याने भिजवून उतरवायचा. लेकीच्या वेळी हे मला माहीत नव्हतं. तिच्या पाठीवर मी थरावर थर दिले, ते कडक होऊन तडकले, आणि काढताना दोन खपल्या निघाल्या. त्यांचे वण आजही तिच्या खांद्यावर आहेत. उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवला, सोवळं-ओवळं सगळं पाळलं, पण तिची नखं कापायची राहिली होती. खाज सुटलेल्या मुलाची नखं आधी कापा, औषध नंतर.

डोळ्यांच्या पापण्या, ओठ, तोंडाच्या आत, जांघेतली नाजूक जागा, उघडी जखम, इथे कॅलामाइन नाही. पहिल्यांदा वापरणार असाल तर कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस वाट बघा. आणि बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा, नाहीतर मुलांकडून वाचून घ्या. काही लोशनमध्ये कॅलामाइनबरोबर डायफेनहायड्रामीन नावाचं ॲलर्जीचं औषध असतं. ते लहान मुलाच्या अंगभर, कांजिण्यांच्या फोडांवर फासलं तर त्वचेतून अंगात भिनतं. वरून ॲलर्जीची गोळी चालू असेल तर दोन्ही मिळून जास्त होतं. काहींत कापूरही असतो.

कापूर म्हटलं की आमच्या आई, म्हणजे सासूबाई, आठवतात. खाज आली की खोबरेल तेलात कापूर विरघळवून चोळायचा हा त्यांचा उपाय. मोठ्या माणसाला जरा थंड वाटतं, हे खरं. पण ती वाटी त्या पलंगाखाली ठेवायच्या आणि शेजारचा रांगता मुलगा दिवसभर आमच्याच घरात. लहान मुलाच्या पोटात कापूर गेला तर आकडी येऊ शकते. हे कळल्या दिवशी मी वाटी उचलून वरच्या कपाटात ठेवली. त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाल्या, "तिथेच राहू दे."

घामोळ्यावर तर तेल नकोच, कारण घामाची तोंडं बुजतात म्हणून घामोळं उठतं आणि तेलाने ती आणखी बुजतात. पण एका बाबतीत आई बरोबर होत्या आणि मी चुकले होते. जानेवारीत त्यांच्या नडग्यांना खाज यायची. कातडी पांढुरकी, माशाच्या खवल्यांसारखी. मी कौतुकाने कॅलामाइन लावली, तर दोन दिवसांत भेगा पडल्या. कॅलामाइन ओल शोषते, आणि त्यांची कातडी आधीच कोरडी होती. तिथे त्यांचं साधं खोबरेलच हवं होतं, कापराशिवाय, आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच चोळलेलं.

म्हणून आता मी बाटलीला हात लावण्याआधी खाज कसली आहे ते बघते. ही सवय लागली ती यांच्या नायट्यामुळे.

दोन पावसाळ्यांपूर्वी जुलैत यांच्या जांघेत चट्टा उठला. चाळीच्या गॅलरीत कपडे चार-चार दिवस वाळत नव्हते, दमट चड्डी तशीच घालून पहाटेची ड्युटी. मला सांगायला लाजले. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जाऊन नुसतं "खाजेचं काहीतरी द्या" म्हणाले, आणि एक ट्यूब हातात आली. दोन दिवसांत खाज गेली. आठवड्याने परत आली, चट्टा दुप्पट. पुन्हा ट्यूब. असं तीन महिने चाललं, आणि तोवर मला पत्ता नाही.

शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ट्यूब मागितली आणि त्यातली नावं आम्हाला एकेक करून वाचून दाखवली. एक बुरशीवरचं, एक जंतूंवरचं, आणि तिसरं क्लोबेटासोल, जोरदार स्टिरॉइड. स्टिरॉइड लालसरपणा आणि खाज दाबतं, पण त्या जागेची प्रतिकारशक्तीही दाबतं, म्हणून खाली बुरशी मोकळी पसरत राहते. नायट्याची ती ओळखीची कड, बांगडीसारखी गोल, तीच पुसट झाली होती. डॉक्टरांनी पात्याने थोडा कोंडा खरवडून काचपट्टीवर घेतला, थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगितलं, बुरशीच आहे. मग स्टिरॉइड नसलेलं औषध, आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही ते पुढे चालू. टॉवेल वेगळा. आतले कपडे गरम पाण्यात, आणि ऊन नसेल तर इस्त्री. मी पावसाळाभर रोज रात्री इस्त्री केली.

नायटा गेला. पण जांघेत लालसर चरे राहिले आहेत, बाळंतपणानंतर पोटावर पडतात तसे, आणि ते आता जाणार नाहीत. ते हाताला लागले की मला आजही वाईट वाटतं. माणूस औषध घ्यायला गेला होता हो.

स्टिरॉइडची मलमं सरकारने २०१८ मध्ये चिठ्ठीच्या औषधांत, शेड्यूल एचमध्ये, घातली आहेत. तरी आम्हाला ती मागताच मिळाली. म्हणून ही नावं लक्षात ठेवा: क्लोबेटासोल, बेटामेथासोन, मोमेटासोन, बेक्लोमेटासोन. वाईट औषधं नाहीत ती. डॉक्टर योग्य आजाराला, मोजून देतात तेव्हा गुणकारी आहेत. आपल्या हाताने मात्र नकोत. क्लोट्रिमाझोल वेगळं, ते बुरशीवरचं आहे. दोन्ही नावं "क्लो"ने सुरू होतात आणि घाईत घोटाळा होतो, म्हणून पूर्ण वाचा.

कॅलामाइनवर माझा विश्वास आहे तो यासाठीच. ती काही लपवत नाही. धुऊन टाकली की खालचा चट्टा जसा आहे तसा दिसतो. डास चावला, घामोळं आलं, तर तेवढीच पुरते. चार-पाच दिवसांत फरक नसेल, पू असेल, ताप असेल, तर ती बाजूला ठेवून डॉक्टर. अंगावर पित्ताच्या गांध्या उठल्या आणि ओठ सुजले किंवा श्वास लागला, तर लोशन शोधत बसू नका, १०८ ला फोन करा नाहीतर टॅक्सीने सरळ हॉस्पिटल गाठा. तान्ह्या बाळाला तर विचारल्याशिवाय काहीच लावायचं नाही.

गेल्या आठवड्यात यांच्या डेपोतले एक कंडक्टर घरी आले होते. बोटांच्या बेचक्यात खाज, रात्री झोप नाही. वहिनी, तुमचं ते गुलाबी औषध द्या म्हणाले. मी विचारलं, "भाऊजी, घरात आणखी कोणाला?" बायकोला आणि दोन्ही मुलांना. यांनी मोबाईलचा टॉर्च त्यांच्या हातावर धरला. बेचक्यात बारीक पुटकुळ्या होत्या, मनगटावर नखाने ओढावी तशी एक करडी रेघ. खरूज वाटली. बाटली मी दिली, खाज जरा निवेल म्हणून, पण हेही सांगितलं की खरजेचा किडा याने मरत नाही. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी खरजेचं औषध लावावं लागतं, चादरी-कपडे गरम पाण्यात काढावे लागतात.

सोमवारी यांनी ड्युटी बदलून घेतली आणि त्या चौघांना केईएम हॉस्पिटलच्या त्वचा विभागात घेऊन गेले. रांगेत धाकटा हात खाजवत होता, तर याच माणसाने, ज्याने तीन महिने मला सांगितलं नव्हतं, खिशातून नेलकटर काढून त्याची नखं कापली.