पंधरा हजारांत पुण्यात घर: माझा अनुभव

साताऱ्याहून माझी पुण्याला बदली झाली, तेव्हा घरभाड्यासाठी आम्ही दरमहा १५,००० रुपयांची मर्यादा ठरवली होती. माझे कार्यालय शिवाजीनगर न्यायालयाजवळ आणि पत्नीची नोकरी एरंडवण्यात, त्यामुळे डेक्कनच्या आसपास घर मिळाले असते तर उत्तमच होते. परंतु तेथील वन बीएचके या रकमेत बसत नाही, हे सुरुवातीच्या फोनांवरच कळले आणि शोध साहजिकच सिंहगड रस्त्याकडे सरकला. धायरी आणि नऱ्हे येथे लिफ्ट व पार्किंग असलेली, नव्या इमारतींतील घरे आम्हाला ११,००० ते १२,००० रुपयांत दाखवली गेली.

अडचण आली ती पाण्याची. धायरी २०१७ मध्ये आणि नऱ्हे २०२१ मध्ये महापालिकेच्या हद्दीत आले असले, तरी आम्ही पाहिलेल्या बहुतेक सोसायट्यांची भिस्त टँकरवरच होती. टँकरचा खर्च कुठे मेंटेनन्समध्ये धरलेला असे, तर कुठे तो भाडेकरूकडून वेगळा घेतला जाई, आणि उन्हाळ्यात तो किती वाढतो हे एजंट आपणहून कधीच सांगत नसे. म्हणून घर पाहून झाले की मी वॉचमनशी बोलू लागलो. मे महिन्यात रोज किती टँकर येतात, या प्रश्नाचे सरळ उत्तर त्याच्याकडेच मिळते. २०२५ च्या सुरुवातीला याच भागात गुइलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले होते आणि त्याचा संबंध दूषित पाण्याशी जोडला गेला होता, त्यामुळे पाणी किती येते यापेक्षा ते कोठून येते याची चौकशी पत्नी अधिक बारकाईने करत असे.

शेवटी आम्ही भाडे, पाणी, मेंटेनन्स आणि दोघांच्या दोन दुचाकींचे पेट्रोल असा एकत्र हिशेब मांडला. त्यात एक महिन्याच्या भाड्याइतकी एजंटची दलाली कराराच्या अकरा महिन्यांत विभागून मिळवली, तेव्हा धायरीचे बारा हजारांचे घर सतराच्या पुढे जात होते. (करार नव्याने करताना काही एजंट पुन्हा अर्धी दलाली मागतात, ते यात धरलेलेच नाही.) वनाज ते रामवाडी ही मेट्रो मार्च २०२४ पासून पूर्ण मार्गावर धावते, नळ स्टॉपला पत्नीचे आणि सिव्हिल कोर्टला माझे काम भागते. तेव्हा वनाज स्थानक ज्या भागात आहे, त्या कोथरूडमधील जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतींकडे आम्ही मोर्चा वळवला. अशी घरे ऑनलाइन जाहिरातींत क्वचितच दिसतात. ती फाटकावरच्या पाटीवरून किंवा किराणा दुकानदाराकडून कळतात. आम्हालाही दुकानदारानेच वनाज स्थानकापासून चालत जाता येईल अशा एका तिसऱ्या मजल्यावरच्या घराचा पत्ता दिला.

घरमालकीण काकूंनी मूळ गाव, दोघांच्या नोकऱ्या, रात्री परतण्याची वेळ, असे सगळे विचारून घेतले. माझी बदलीच्या वेळची मुलाखतही इतकी लांबली नव्हती. भाडे त्यांनी १६,००० सांगितले होते. "दलाली तुम्हालाही नको, आम्हालाही नको, तेव्हा काकू, पंधरा करा," असे पत्नी म्हणाली आणि थोड्या कुरकुरीनंतर त्या तयार झाल्या. अनामत ४५,००० रुपये ठरली, ती धनादेशाने दिली.

काकूंचा कल स्टॅम्प पेपरवर नोटरी करून घेण्याकडे होता; आजवरचे भाडेकरू तसेच राहिले, असे त्यांचे म्हणणे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर येते, हे मी त्यांना समजावून सांगितले. त्यांना खरी धास्ती खर्चाची होती. मुद्रांक शुल्क अकरा महिन्यांचे भाडे आणि अनामतीवर वार्षिक १० टक्क्यांनी धरलेले व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के लागते, म्हणजे आमच्या बाबतीत ते ५०० रुपयांच्या पुढे जात नव्हते, आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये आहे. हा खर्च निम्मा-निम्मा वाटून घेऊ म्हटल्यावर त्यांनी लगेच आधार कार्ड काढून आणले. लिव्ह अँड लायसन्सचे, म्हणजे अशा भाडेकरारांच्या नोंदणीचे, काम करणारा माणूस अंगठ्याचे यंत्र घेऊन घरी आला आणि सर्वांचे ठसे व छायाचित्रे काकूंच्या दिवाणखान्यातच घेतली गेली.

मसुद्यात घर सोडताना रंगकामासाठी एक महिन्याचे भाडे कापण्याचे कलम होते. अकरा महिन्यांनी घर रिकामे केले तरी ती कपात लागू होणार होती, म्हणून नेहमीच्या वापराने होणारी झीज वगळून प्रत्यक्ष नुकसानीपुरतीच कपात होईल, असे त्याजागी घालून घेतले आणि त्याच दिवशी भिंती, नळ व गिझर यांची छायाचित्रे काढून काकूंना व्हॉट्सॲपवर पाठवली. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे ऑनलाइन भरण्याचे काम काकूंच्या वतीने मीच केले. तिची आणि कराराची एकेक प्रत सोसायटीच्या सेक्रेटरींना दिल्यावर त्यांनी फाटकाची किल्ली आणि पाणी येण्याच्या वेळांचा कागद हातात ठेवला.