सगळेच म्हणतायत

"अगं, सगळेच म्हणतायत. एवढी माणसं खोटं बोलतील का?" मेथी निवडता निवडता मावशी म्हणाली.

एका उमेदवाराबद्दलचा तो मेसेज तिला सकाळपासून व्हॉट्सअ‍ॅपच्या तीन ग्रुपवर आला होता. माहेरचा, सोसायटीचा आणि भजनी मंडळाचा. मी तिन्ही उघडले. वर दोन बाणांची खूण, म्हणजे खूप वेळा फॉरवर्ड झालेला, आणि तिन्हीकडे 'मतदान'चं 'मतदाण' झालेलं. तीच चूक, त्याच ओळीत. म्हणजे सगळे कुठले, लिहिणारा एकच.

मावशीला दाखवलं. तिने चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. "पण पाठवणारी आपलीच माणसं आहेत ना?"

हे वाक्य दिवसभर डोक्यातून जाईना.

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्यात, भिक्षा मागून जगणाऱ्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावाने मारून टाकलं. त्या अफवाही व्हॉट्सअ‍ॅपवर अशाच, ओळखीच्या नंबरांवरून फिरल्या होत्या. त्याच महिन्यात भारतात फॉरवर्डवर एका वेळी पाच चॅटची मर्यादा जाहीर झाली. २०२० मध्ये खूप फिरलेल्या मेसेजसाठी ती एकावर आली. पण मावशीला एकच पुरतो, तो माहेरचा असला की झालं.

तिचा माणसांवरचा विश्वास मला मोडायचा नाहीये. मग मेसेजवरचा कसा मोडू? तुम्ही घरी कसं बोलता याबद्दल?