मायटर सॉला लेझर बसवताना

मायटर सॉवर (पातं वरून खाली आणून फळी सरळ किंवा कोनात कापणाऱ्या यंत्रावर) फळी कापायची म्हणजे आधी पेन्सिलची रेघ आणि पात्याचा दात यांची गाठ घालून द्यायची. पातं खाली आणायचं, एक डोळा मिटून दात रेघेला लागतोय का बघायचं, फळी किंचित सरकवायची, पुन्हा पातं खाली. एखाददुसरा काप असेल तर त्याचं काही वाटत नाही. पण वेगवेगळ्या लांबीच्या पट्ट्या एकामागून एक कापायच्या असल्या की कापण्यापेक्षा वाकून बघण्यातच जास्त वेळ जातो. काप कुठे पडणार ते प्रकाशाच्या रेघेने दाखवणारा लेझर असला की हे वाकणं वाचतं, पण माझ्या सॉला कंपनीचा लेझर नव्हता. मी तो स्वतः बसवला आणि आता तो रोजच्या वापरात आहे. काम वाटतं तितकं सोपं नाही, पण अवघड भाग वायरिंगचा नसून भूमितीचा आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लेझरला हात लावण्याआधी सॉ काटकोनात आहे की नाही ते तपासलं. पातं फेन्सशी, म्हणजे फळी मागे टेकवायच्या सरळ पट्टीशी, ९० अंशात नसेल तर लेझर ती चूक फक्त उजेडात दाखवेल, दुरुस्त करणार नाही. तपासायला गुण्यापेक्षा एक जुनी युक्ती बरी पडते. सरळ कडेची रुंद फळी मधोमध कापायची, त्यातला एक तुकडा उलटा करायचा आणि दोन्ही तुकडे फेन्सला टेकवून कापलेल्या कडा एकमेकींना भिडवायच्या. फट दिसली तर ती खऱ्या चुकीच्या दुप्पट असते, त्यामुळे बारीकसा फरकही नजरेतून सुटत नाही. फट पूर्ण जाईपर्यंत फेन्स सरकवत राहिलो आणि मगच पुढचं काम हातात घेतलं.

बाजारात यासाठी तयार मिळणारी वस्तू म्हणजे वॉशर लेझर. पात्याच्या बाहेरच्या वॉशरच्या जागी ही चकती बसते. आत बटण सेल असतात, आणि पातं फिरायला लागलं की चकतीतला दिवा आपोआप पेटतो. बसवायला सोपी, वायर नाही, दिवा धरून ठेवणारा कंस नाही. तरी मला ती नको होती. कारण पातं फिरत असतानाच रेघ दिसते. म्हणजे फळी जुळवायची ती चालू पात्याखाली, हात पुढे करून. मला तर सॉचा प्लग काढलेला असतानाही रेघ हवी होती. शिवाय दिवा पात्याच्या अंगाबाहेर असल्यामुळे रेघ कापाच्या कडेपासून थोडी दूर पडते आणि तेवढं अंतर मनात धरून काम करावं लागतं.

म्हणून सुटं लेझर मॉड्यूल घ्यायचं ठरलं: करंगळीएवढी पितळी नळी, पुढे रेघ पाडणारी भिंग आणि मागून निघणाऱ्या दोन तारा. इथे रंगाचा विचार करण्यासारखा आहे. स्वस्त मॉड्यूल बहुतेक लाल, ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचं असतं. आपल्या डोळ्याला दिवसा सर्वांत जास्त उजळ दिसतो तो ५५५ नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा-पिवळा प्रकाश, आणि ६५० तिथून बरंच लांब आहे. तेवढ्याच शक्तीचा ५२० नॅनोमीटरचा हिरवा डोळ्याला साधारण सहापट उजळ दिसतो. दुसऱ्या शब्दांत सांगायचं तर १ मिलिवॅटचा हिरवा ५ मिलिवॅटच्या लालपेक्षाही थोडा जास्तच उठून दिसतो. आणि १ मिलिवॅटच्या आतला दृश्य लेझर वर्ग २ मध्ये मोडतो. तो चुकून डोळ्यात गेलाच तर पापणी मिटण्याची आपली उपजत क्रिया डोळा वाचवायला पुरेशी असते, असं गृहीत धरून हा वर्ग ठरवलेला आहे. ५ मिलिवॅटचा वर्ग ३आर. ॲल्युमिनियमच्या फेन्सवरून आणि चकचकीत पात्यावरून प्रकाश कुठेही उसळू शकतो, अशा ठिकाणी मला वर्ग २च हवा होता. हिरव्यामुळे तो परवडला. दिवसाच्या उजेडात तांबूस लाकडावर लाल रेघ शोधावी लागते. हिरवी तशी शोधावी लागत नाही.

हिरव्यातही दोन जाती आहेत. ५३२ नॅनोमीटरच्या जुन्या पद्धतीच्या मॉड्यूलमध्ये मुळात अवरक्त लेझर असतो आणि स्फटिकांमधून नेऊन त्याचा हिरवा केला जातो. अवरक्त किरण अडवणारा फिल्टर निर्मात्याने गाळला तर न दिसणारा प्रकाशही बाहेर पडतो, आणि न दिसणाऱ्या प्रकाशाला पापणी मिटत नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१० मध्ये नेमक्या अशाच एका स्वस्त हिरव्या पॉइंटरबद्दल इशारा दिला होता. ५२० नॅनोमीटरचा डायोड थेट हिरवाच असतो, त्यामुळे ही भानगडच नाही. मॉड्यूलवर आकडा छापलेला असतो. तो वाचून घ्यावा.

भिंगेचा कोनही बघावा लागतो. ६० अंशात पंख्यासारखा पसरणारा प्रकाश २५० मिलिमीटरवरून साधारण २९० मिलिमीटर लांब रेघ पाडतो, ९० अंशाचा त्याच अंतरावरून ५०० मिलिमीटर. जास्त लांब रेघ म्हणजे तेवढाच प्रकाश जास्त जागेत पसरणार. माझ्या सॉला ६० अंश पुरले.

वीज सॉच्या आतून घ्यायचा मोह होतो, कारण स्विच एकच राहतो. मी तो टाळला. या सॉमधल्या मोटरला कार्बन ब्रश असतात. ते फिरताना ठिणग्या पडतात आणि लाइनवर विजेचे झटके येतात. लेझर डायोड अशा झटक्यांपुढे फार नाजूक असतो. शिवाय दुहेरी इन्सुलेशन असलेलं यंत्र उघडून त्यात तारा घुसवणं म्हणजे ते इन्सुलेशन आपल्या हाताने बिघडवणं. मोबाइलचा ५ व्होल्टचा चार्जर, त्याची केबल, मध्ये एक छोटा स्विच, एवढ्यावर काम भागलं. केबल सॉच्या मूळ वायरीला बांधत मागे नेली, सॉचं डोकं (मोटर आणि पातं असलेला भाग) वरखाली होताना ओढ बसू नये म्हणून वळणावर सैल ठेवली. वेगळ्या विजेचा खरा फायदा नंतर जुळवणी करताना कळला. सॉचा प्लग काढलेला, पातं मेलेलं, आणि लेझर मात्र चालू. तासन्‌तास पात्याखाली हात घालून काम करायचं असताना हे फार मोलाचं आहे.

एक बारीक गोष्ट. अनेक मॉड्यूलची पितळी नळी आतून धन तारेला जोडलेली असते. ती तशीच सॉच्या धातूला टेकवू नये. मी नळीवर हीट-श्रिंकची (तापवल्यावर आवळून बसणारी प्लास्टिकची) नळी चढवली आणि मगच कंसात बसवली.

आता भूमिती. रेघ पाडणारा लेझर रेघ सोडत नाही, तो प्रकाशाचं एक पातळ पान सोडतो. ते पान लाकडाला जिथे छेदतं तिथे आपल्याला रेघ दिसते. पात्याचंही तसंच एक प्रतल असतं. ही दोन प्रतलं समांतर असली पाहिजेत आणि त्यांच्यात चिरेच्या, म्हणजे पातं लाकडात पाडतं त्या फटीच्या, अर्ध्या रुंदीइतकंच अंतर असलं पाहिजे. सगळी कसरत यासाठी. मॉड्यूल पात्याच्या बाजूला कुठेतरी बसवून तिरकं झुकवलं तरी रेघ कापावर आणता येते, आणि ती बरोबर दिसतेही. पण फक्त त्या एका जाडीच्या फळीवर. १२ मिलिमीटरच्या प्लायवर जुळवलेली तिरकी रेघ ७० मिलिमीटरच्या ठोकळ्यावर बाजूला सरकते, कारण प्रकाश ठोकळ्याला जास्त उंचीवर भेटतो. लेझर लावून पाहिला आणि काढून टाकला, अशी तक्रार करणाऱ्या बहुतेकांचं दुखणं हेच असावं असं मला वाटतं.

म्हणून मॉड्यूल दातांच्या कडेच्या प्रतलातच बसलं पाहिजे. मी जागा निवडली ती वरच्या स्थिर गार्डच्या (पात्यावरच्या संरक्षक झाकणाच्या) पुढच्या टोकाला. तिथे आधीच असलेल्या स्क्रूखाली ॲल्युमिनियमच्या कोनपट्टीचा कंस धरला. गार्डला नवीन भोक पाडलं नाही. खालचं हलतं गार्ड पूर्ण उघडतं आणि सोडल्यावर आपणहून मिटतं, हे कंस बसवल्यावर पुन्हा पुन्हा तपासलं. त्यात जराही अडथळा आला असता तर लेझरचा बेत तिथेच सोडला असता. पुढची जागा आणखी एका कारणाने बरी: मायटर सॉचे दात लाकडातून मागच्या दिशेने जातात, त्यामुळे भुसा मागे उडतो आणि भिंग बऱ्यापैकी स्वच्छ राहते. कंस डोक्यावरच असल्यामुळे मायटरचा (पातं डावी-उजवीकडे वळवण्याचा) किंवा बेव्हलचा (पातं बाजूला कलवण्याचा) कोन बदलला तरी लेझर पात्याबरोबर कलतो. छताला टांगलेल्या लेझरला हे जमत नाही.

कंसाला तीन हालचाली हव्यात. नळी स्वतःभोवती फिरली पाहिजे, म्हणजे रेघ चिरेला समांतर करता येते. कंस डावी-उजवीकडे कलला पाहिजे, म्हणजे प्रकाशाचं पान उभं करता येतं. आणि सगळंच्या सगळं थोडं बाजूला सरकलं पाहिजे. त्यासाठी भोकाऐवजी कानसेने लांबट खाच केली. कलण्यासाठी कंसाच्या पायात समोरासमोर दोन बारीक स्क्रू दिले. एक सैल करायचा, दुसरा आवळायचा. हे तीन एकमेकांत गुंतलेले असतात, एक सुधारला की दुसरा थोडा बिघडतो. तेव्हा चिडचिड होते, पण क्रम पाळला तर आटपतं.

माझा क्रम असा होता. रद्दी फळी फेन्सला क्लॅम्पने घट्ट बांधली आणि डेप्थ स्टॉप (पातं किती खाली जावं ते ठरवणारा अडसर) लावून तिच्यावर आरपार न जाणारी उथळ खाच पाडली. मग प्लग काढला. फळी हलवायची नाही. आता पातं नेमकं कुठे कापतं याची पक्की खूण समोर आहे, पात्याच्या दाताकडे बघत अंदाज बांधायची गरज नाही. आधी नळी फिरवून रेघ खाचेला समांतर केली. मग डोकं हळूहळू वरखाली केलं. पातं आपल्या प्रतलातच झुलतं, त्यामुळे प्रकाशाचं पान त्याला समांतर असेल तर रेघ जागची हलत नाही. माझी आधी हलत होती. खाली येताना एका बाजूला घसरायची. कलण्याचे स्क्रू फिरवत ती स्थिर केली, पुन्हा नळी, पुन्हा स्क्रू. रेघ स्थिर झाल्यावरच ती बाजूला सरकवून खाचेच्या कडेवर आणली. शेवटी एक जाड ठोकळा बांधला, त्यावर खाच पाडली आणि तिथेही रेघ त्याच कडेला बसते का पाहिलं. बसली. भिंगेची टोपी फिरवून फोकसही याच वेळी केला, म्हणजे फळीच्या उंचीवर रेघ सर्वांत बारीक दिसते.

खाचेच्या दोन कडांपैकी कुठली धरायची? मी मोटरच्या बाजूची धरली, आणि त्याला कारण आहे. पातं नेहमी मोटरच्या बाजूच्या आतल्या फ्लँजला, म्हणजे आधाराच्या चकतीला, टेकून बसतं. माझ्याकडे दोन पाती आहेत. जाड पात्याची चीर ३.२ मिलिमीटर आणि पत्रा (दात सोडून पात्याची जाडी) २.२, बारीक पात्याची चीर २.४ आणि पत्रा १.८. म्हणजे आतल्या बाजूला दात पत्र्याबाहेर येतात ते अनुक्रमे ०.५ आणि ०.३ मिलिमीटर. पातं बदललं तर आतली कड फक्त ०.२ ने हलते, बाहेरची मात्र ०.६ ने. ०.२ मिलिमीटर तर रेघेच्या जाडीतच विरून जातात. बाहेरची कड धरली असती तर प्रत्येक पात्याला नवी जुळवणी करावी लागली असती. दोन रेघांचे लेझरही मिळतात, चिरेच्या दोन्ही कडा दाखवणारे. पण त्यातली एक रेघ पातं बदलताच खोटी ठरते.

थरथरीने स्क्रू सैल होतात. जुळवणी संपल्यावर सगळ्या स्क्रूंना निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावलं. लाल लावू नये, ते तापवल्याशिवाय सुटत नाही. तेव्हापासून रेघ ढळलेली नाही, तरी मोठं काम सुरू करण्याआधी एक रद्दी काप घेऊन बघतो. भिंगेवरचा भुसा मऊ ब्रशने झटकतो. कापडाने पुसलं तर प्लास्टिकच्या भिंगेवर ओरखडे येतात.

वापरात काय फरक पडला? पट्ट्या कापताना वाकणं संपलं. खूण रेघेखाली आणली की कापायला मोकळा. रेघ फळीच्या वरच्या अंगावरून पुढच्या कडेवरही उतरते, त्यामुळे कोनातला काप कुठून बाहेर पडणार हे आधीच दिसतं. तिरक्या कापात मला याचाच सर्वांत जास्त उपयोग होतो. पण रेघेला स्वतःची मिलिमीटरभर रुंदी आहे. चौकटीच्या समोरासमोरच्या बाजू हुबेहूब एकाच लांबीच्या हव्या असतात तेव्हा मी आजही स्टॉप ब्लॉक (फळीचं टोक टेकवायचा पक्का ठोकळा) लावतो आणि लेझर बंद ठेवतो.

हे जमल्यावर बाकीच्या यंत्रांकडे नजर गेलीच. टेबल सॉवर फळी फेन्सला टेकून चालते, काप कुठे पडणार ते फेन्सने आधीच ठरवलेलं असतं, तिथे लेझर शोभेचा. हातात धरून चालवायच्या सर्क्युलर सॉवर रेघ पुढे सरळ दिसते, पण हात वळला की तीही वळते. तिथे फळीला बांधलेली सरळ पट्टी कधीही बरी. बँडसॉचं (चाकांवर फिरणाऱ्या पट्टीसारख्या पात्याच्या सॉचं) वेगळं आहे. ओबडधोबड ओंडका चिरताना त्याला टेकायला सरळ कडच नसते आणि खूण करायला सपाट जागाही नसते. तिथे पात्याच्या रेषेत वरून पडणारी रेघ ओंडक्याच्या वाकड्यातिकड्या अंगावरही पात्याचीच वाट दाखवते. फक्त बँडसॉचं पातं अनेकदा थोडं एका बाजूला ओढतं, म्हणून रेघ यंत्राच्या बॉडीशी नव्हे तर प्रत्यक्ष कापाशी जुळवावी लागते. त्यासाठी दुसरं मॉड्यूल आणून ठेवलं आहे, कंस अजून कापायचा आहे.