घेर मिळाला, पण बेट मधोमध नाही!

ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून काढलेल्या खुल्या नकाशासाठी हवं असलेलं, मागच्या नोंदीत अडलेलं माप अखेर हाती लागलं. शाळेजवळच्या चौकातल्या बेटाचा, म्हणजे मधल्या कठडा घातलेल्या गोलाचा, व्यास ४.२ मीटर. वर झाड पसरल्यामुळे उपग्रहचित्रात तिथे नुसता हिरवा डाग, मोबाइलचं जीपीएस बेटाच्या रुंदीइतकं इकडेतिकडे पळतं, आणि टेप आरपार धरावा तर मध्ये कारंजं आणि कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स. शेवटी कठड्याच्या बाहेरून टेप गुंडाळला. घेर १३.२ मीटर, भागिले ३.१४. लेझर मीटरच्या नादी लागू नका, उन्हात त्याचा लाल ठिपका दिसतच नाही. हार्डवेअरच्या दुकानातला ३० मीटरचा फायबर टेप झकास.

खरी डोकेदुखी पुढे. बेटाच्या व्यासात दोन्ही बाजूंचा रस्ता मिळवला की बाहेरचा व्यास, असा सरळ हिशोब होता. शाळेकडे रस्ता ६.१, देवळाकडे ४.३, एकूण १४.६ मीटर. आडव्या दिशेने मोजलं तर १६.७! बाहेरची कड म्हणजे वर्तुळ नव्हे, बटाटा आहे. आणि नकाशातल्या 'डायमीटर' (व्यास) टॅगमध्ये, म्हणजे माहितीच्या रकान्यात, आकडा एकच मावतो. काही जण तिथे बेटाचाच व्यास टाकतात, ते मला पटत नाही. टँकर किंवा स्कूलबस एका दमात वळेल का, हे बाहेरच्या कठड्यापासून समोरच्या कठड्यापर्यंतच्या मापावरूनच कळतं.

मात्र हे टाइप करताना वाटतंय, इथे तो टॅग हवाच कशाला? कोणीतरी पूर्वी टाकलेला मिनी राउंडअबाउटचा (छोट्या वाहतूक वर्तुळाचा) नोड, म्हणजे नकाशावरचा एकच बिंदू, मुळात ब्रिटनमधल्या रंगवलेल्या पांढऱ्या वर्तुळांसाठी ठीक. ती १ ते ४ मीटरची असतात, आणि मोठ्या गाडीचं चाक त्यांच्यावरून जाऊ शकतं. आपल्याकडे दगडी कठडा. म्हणजे नोड काढून बंद वे (टोकं जुळलेली रेषा), त्यावर 'जंक्शन=राउंडअबाउट' टॅग, रेषा रस्त्याच्या मधून, दिशा घड्याळाची. आकार रेषेतूनच कळेल. जोसम या नकाशा-संपादकात सवयीने 'ओ' दाबून ती गोल करायची नाही, नाहीतर बेटाचं इतकं मोजलेलं सगळं सरकणं पुसलं जाईल. वे तोडून प्रत्येक तुकड्याला वेगळी 'विड्थ' (रुंदी) देणार होतो. पण त्यापेक्षा 'एरिया:हायवे'चा, म्हणजे रस्त्याने व्यापलेल्या जागेचा, बहुभुज काढला तर बटाटा जसाच्या तसा येईल. आधी तेच करून बघतो.

पलीकडच्या गल्लीतलं वर्तुळ मात्र नुसतं रंगवलेलं आहे. तिथे नोडच राहील, 'डायरेक्शन=क्लॉकवाइज' आणि बाहेरच्या व्यासासकट. रंग निम्मा उडालाय, त्यामुळे पावसाच्या आत फोटो काढून ठेवायला हवा.