एवढा पाऊस, मग जमीन पड का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रश्न नवा नाही. मे महिन्यात आंबे न्यायला आलेले पाहुणे विचारतात, गणपतीला गावी आलेली चाकरमान्यांची मुलं विचारतात, आणि घाटावरून आलेले तर गाडीतून उतरता उतरता विचारतात: तुमच्याकडे एवढा पाऊस, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एवढी जमीन, मग ती पड का? पुढचं वाक्य बहुतेक जण मनातच ठेवतात. कोकणी माणूस आळशी, हे ते वाक्य.

पावसाचं आधी उरकते. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, हे खरं. पण तो चार महिन्यांत पडतो, आणि सह्याद्रीचा कडा ते समुद्र हे अंतर जेमतेम पन्नास-साठ किलोमीटर. उतार तीव्र, खाली जांभा, म्हणजे पाणी धरून न ठेवणारा सच्छिद्र खडक. आज डोंगरावर पडलेलं पाणी उद्या खाडीत. एप्रिलमध्ये आमच्याच राजापूर तालुक्यातल्या वाड्यांवर बायका विहिरीच्या तळाला गेलेलं पाणी वाटून घेतात. तिकडे चिपळूणला कोयनेचं पाणी वीज करून झाल्यावर वाशिष्ठीतून समुद्राला जातं. ते वापरायच्या योजना मी लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून ऐकते आहे.

पण भाताला पावसाचंच पाणी लागतं आणि ते भरपूर आहे. तेव्हा पाण्यामुळे जमीन पड पडली, असं मी म्हणणार नाही. ती पडली शेजार गेला म्हणून.

हे जरा नीट सांगायला हवं. आमचा मळा म्हणजे वहाळाच्या, ओढ्याच्या, दोन्ही अंगांनी खाडीकडे उतरत गेलेली खाचरं, भाताची बांध घातलेली लहान शेतं. मालक पुष्कळ, मेरा म्हणजे मधले बांध पुष्कळ, पाणी मात्र एकच. वरच्या खाचरात भरलं की मेरेचं तोंड फोडून खालच्यात सोडायचं, तिथून पुढच्यात. प्रत्येकाच्या खाचरात जायला रस्ता नाही, जायचं ते दुसऱ्याच्या मेरेवरून. नांगर किंवा टिलर आत न्यायचा तर शेजाऱ्याची लावणी व्हायच्या आधी न्यावा लागतो. म्हणून चिखलणी कोणाची आधी, कोणाची नंतर, याचा क्रम ठरलेला असे. रोहिणीत धूळपेरणी करून तरवा, म्हणजे लावणीची रोपं, टाकायचा, आर्द्रा-पुनर्वसूत लावणी. सगळ्यांचं भात पाच-सहा दिवसांच्या फरकाने पोसवायचं आणि पाच-सहा दिवसांच्या फरकाने कापणीला यायचं.

आता यातलं वरचं एक खाचर पड पडलं, असं धरा. पहिल्या वर्षी काही होत नाही. दुसऱ्या पावसात त्याची मेर फुटते, खेकड्यांनी आधीच पोखरलेली असते. पाणी मिळेल त्या वाटेने धावतं आणि खालच्याच्या लावणीवर रेती आणून टाकतं. तिसऱ्या-चौथ्या वर्षी तिथे डोक्याएवढं रान माजतं आणि रानडुकरांना दिवसा बसायला जागा होते. भादव्यात भातात दूध भरलं की रात्री ती बाहेर पडतात. डुक्कर खातं त्याच्या कितीतरी पट लोळून नासवतं. पूर्वी सगळा मळा लागलेला असे तेव्हा पाखरांचं, उंदरांचं, डुकरांचं नुकसान सगळ्यांत वाटलं जायचं. राखणीलाही घरटी माणूस पाळीने जाई. मळ्यात तीनच खाचरं उरली की सगळी जनावरं त्या तिनांवर येतात, आणि राखणीला एकच म्हातारा. तो एक वर्ष डबे वाजवतो, दुसऱ्या वर्षी फटाके लावतो, तिसऱ्या वर्षी म्हणतो, “वयनी, यंदा आमी नाय लावनार.” नुकसानभरपाईचा अर्ज असतो, पंचनामाही होतो. तोवर कापणी उलटून जाते.

त्यामुळे ‘अमक्याने शेती सोडली’ असं कोणी म्हणालं की मी विचारते, त्याच्या वरच्या अंगाला कोण होतं?

हिशेबही शेजाराशीच येऊन ठेपतो. दहा गुंठ्यांत तीन क्विंटल भात आलं तर आमच्याकडे वर्ष बरं गेलं म्हणतात. 2024-25 साली साधारण भाताचा हमीभाव क्विंटलला 2300 रुपये होता. म्हणजे 6900. बाईची मजुरी चारशे, गड्याची सहाशे-सातशे, वर चहा-भाकरी. नुसत्या लावणीला आणि कापणी-झोडणीला चार-साडेचार हजार जातात. टिलरचं भाडं आणि खत धरलं की पुढचं गणित कोणी करत बसत नाही. हेच काम पूर्वी वारंगुळ्याने व्हायचं, आज आम्ही तुमच्याकडे, उद्या तुम्ही आमच्याकडे. पैसा मध्ये यायचाच नाही. माझ्या सासूबाईंनी लावणीसाठी कोणाला एक रुपया दिल्याचं मला आठवत नाही. शेजारी मुंबईला गेला तेव्हा आमचं न दिसणारं मनुष्यबळ गेलं, आणि त्याची किंमत आता रोख मोजावी लागते. तरी मी भात लावते, कारण घरचा तांदूळ बारा महिने पुरतो आणि दोन गाईंना पेंढा लागतो. परवडतं का, याचं उत्तर एवढंच आहे.

किती माणसं गेली, ते जनगणनेत दिसतं. 2001 ते 2011 या दहा वर्षांत सगळ्या देशाची लोकसंख्या वाढली, आमच्या दोन जिल्ह्यांची घटली. रत्नागिरी 16,96,777 वरून 16,15,069 वर आला, सिंधुदुर्ग 8,68,825 वरून 8,49,651 वर. त्याच 2011 च्या गणनेत रत्नागिरीत हजार पुरुषांमागे 1122 बायका होत्या. आमच्याकडे मुली जास्त जन्मतात, असा त्याचा अर्थ नाही. पुरुष परळ-लालबागला होते, मग नालासोपारा-विरारला गेले, आणि तरवा काढायला चिखलात आम्ही उभ्या. सातबारावर मात्र आमची नावं शोधावी लागतात. मी इतकी वर्षं ज्या जमिनीत राबते तिच्या उताऱ्यावर माझे सासरे आहेत, ते वारले तरी आहेत. त्यांचे चार भाऊ आहेत, त्यांतल्या दोघांचे वारस लागलेत, दोघांचे नाहीत. एका चुलतसासऱ्यांची मुलगी बडोद्याला असते म्हणतात. पीएम किसानचे वर्षाला 6000 रुपये सातबारावर नाव असलेल्याला. हमीभावाने भात घालायचं तर सातबारा आणि त्यावर पिकाची नोंद. कर्जाला सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या. जी बाई प्रत्यक्ष शेती करते, ती या कागदांना ठाऊकच नाही.

मग ज्यांना करायची नाही त्यांनी करणाऱ्याला द्यावी की, असं तुम्ही म्हणाल. इथे इतिहास आडवा येतो. आमच्याकडे खोती होती, म्हणजे गावची जमीन खोताच्या हाती. कुळाने कसायचं, निम्मं भात खोताच्या अंगणात नेऊन ओतायचं. बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 साली मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करायचं विधेयक मांडलं. प्रत्यक्षात ती गेली 1949 च्या कायद्याने. 1948 चा कूळकायदा आला आणि 1 एप्रिल 1957 या दिवशी कसणारी कुळं मालक मानली गेली. आमच्या आजेसासऱ्यांना जमीन मिळाली ती अशी, आणि त्या कायद्याबद्दल मी वाकडं बोलणार नाही. पण त्याची भीती अजून मुंबईतल्या खोल्यांमधून जिवंत आहे. “दुसऱ्याला लावायला दिली तर कूळ लागेल,” हे वाक्य मी फोनवर किती जणांकडून ऐकलं असेल. ज्यांच्या आजोबांना कूळ म्हणून जमीन मिळाली, त्यांचेच नातू आज कूळ लागेल म्हणून ती पड ठेवतात. लेखी खंडाने देणार नाहीत, तोंडी देतील तर पुढल्या वर्षी काढून घेतील. असं असताना त्या जमिनीत मेर बांधायला कोण पैसा घालेल?

आंबा-काजूच्या कलमांचं विचाराल तर ती वेगळी गोष्ट आहे आणि तुम्हाला ती माझ्यापेक्षा जास्त माहीत असते. 1990 नंतर रोजगार हमीतून फळबाग लागवड आली आणि नाचणी-वरीची वरकस, डोंगरउताराची हलकी जमीन हापूस आणि काजूखाली गेली. मुंबईकरांना ते सोयीचं होतं. कलमाला लावणीसारखे शेजारी लागत नाहीत, निदान तसं वाटलं. आता थ्रिप्स या किडीवर फवारण्यांमागून फवारण्या चालतात, नोव्हेंबरपर्यंत पाऊस राहिला की मोहोर लांबतो, 2020 चं निसर्ग आणि 2021 चं तौक्ते ही वादळं तर सगळ्यांनी पाहिली. काजू बी स्वस्त झाली की कारखानदार आफ्रिकेच्या आयातीकडे बोट दाखवतात. पण माझ्या काजूचं सगळ्यांत मोठं नुकसान झालं ते वणव्याने. पूर्वी प्रत्येकाच्या गोठ्यात गुरं होती, दिवाळीनंतर सड्यावरचं गवत कापून नेलं जाई. गुरं गेली, गवत उभं वाळतं, फेब्रुवारी-मार्चमध्ये कुठून तरी ठिणगी पडते, आणि पड जमिनीतून चढत आलेली आग गडगा ओलांडून राखलेल्या बागेत शिरते. म्हणजे कलमालाही शेजारी लागतोच.

हे सगळं ऐकून लोक म्हणतात, मग संपलंच की. मला तसं वाटत नाही, पण ‘तरुणांनी शेतीकडे वळावं’ छापाची भाषणंही मला सोसत नाहीत. एकटा तरुण परत येऊन एकट्याच्या वीस गुंठ्यांत काहीही करू शकत नाही, मग तो कृषी पदवीधर का असेना. कोकणातल्या शेतीचं काही व्हायचं असेल तर ते मळ्यामळ्याने होईल, सातबारा-सातबाराने नाही.

आमच्या मळ्यात आम्ही आठ घरं मिळून तेच करून पाहतो आहोत. त्यातल्या पाच घरांत कर्ती माणसं बायकाच आहेत. सौरऊर्जेवरचं झटका कुंपण एकेकट्या खाचराला घालणं वेड्यासारखं महाग पडतं, तेच सगळ्या मळ्याला एकच वेढा घातला तर घरटी खर्च पेलतो. तारेला गवत टेकलं की झटका जमिनीत उतरतो, म्हणून दर आठवड्याला कोणीतरी तारेखालचं गवत मारायला लागतं. पाळी पुन्हा सुरू झाली ती अशी. माकडांना या तारेचं काही नाही, ती झाडावरून आत उतरतात, त्यांच्यावर आमच्याकडे उपाय नाही. टिलर एकाच मुलाचा, तो आता वरून खाली क्रमाने जातो, पूर्वीसारखा. वरच्या कोरड्या अंगाला दोघींनी नेरळकडून पसरलेलं सगुणा भात तंत्र घेतलं आहे. एकदा गादीवाफे केले की नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. मजूर वाचतात, पण तणनाशक मारावं लागतं, आणि ते पाणी खाली माझ्या खाचरात येतं, यावरून आमची भांडणं चालू आहेत. कुंपणाचा एक फायदा आम्ही धरलाच नव्हता. भात कापल्यावर गावची गुरं मोकाट सुटतात म्हणून इथे कोणी दुसरं पीक घेत नसे. आता उरल्या ओलीवर आम्ही कुळीथ टाकतो. कुळीथ भातापेक्षा जास्त पैसे देतो, हे हळूच सांगते.

मुंबईच्या वारसांचं काय केलं? जे पड खाचर मध्ये येतं त्याच्या मालकाला सांगितलं: खंड नाही, करार नाही, तुमची जमीन तुमच्या नावावर, आम्ही फक्त मेर राखतो आणि पिकलं तर वर्षाला मणभर तांदूळ तुमच्या घरी. काहींनी होकार दिला. कायद्याच्या दृष्टीने या होकाराला काडीचीही किंमत नाही आणि उद्या मालकाचा मुलगा नको म्हणाला तर संपलं. शेतमजुरी आणि बियाण्यावर योजना काढणाऱ्यांनी, मालकाची मालकी शाबूत ठेवून कसणाऱ्याला पाच-दहा वर्षांचा भरवसा देणारा सोपा कागद काढला तर माझ्या मते तो सगळ्या अनुदानांपेक्षा उपयोगी पडेल.

आणखी एक. हा प्रश्न विचारणाऱ्यांपैकी बरेच जण थोडा वेळ थांबून हळूच दुसरा विचारतात: मग इथे कुठे विकायची आहे का एखादी? शेतकरी दाखला आहे आमच्याकडे. मी चिडत नाही. विकणाऱ्यालाही मुलीचं लग्न असतं, आजारपण असतं, आणि पड जमिनीचं त्याने करायचं काय? घ्या. पण घेण्याआधी जुलैत एकदा या, मेमध्ये नको. त्या जमिनीत पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते पावसात उभं राहून बघा, खालच्या अंगाला कोण लावतं त्याला भेटा, आणि मेरेवरून कोणाकोणाची वाट आहे ते विचारा. आमच्या वरच्या अंगाला एकाने घेतली आणि पहिल्याच उन्हाळ्यात चिऱ्याचं कंपाउंड घातलं, आठ फूट उंच, पाट बुजवून. माणूस सज्जन आहे, भेटला की हसून बोलतो. त्याच्या भिंतीखालची दोन खाचरं यंदा लागलेली नाहीत.